गिव्हअवेची सायकल आणि काळी सीट

"खोटारडे! तुम्ही सगळे खोटारडे आहात!"

मुंगी दुकानाच्या दारातूनच ओरडली. टिकलीच्या हातातला पाना खाली पडला. प्रोफेसर चष्मा सावरत उठला आणि भोंग्याचं तोंड, जे सहसा बंद नसायचं, ते चक्क बंद झालं.

टिकली आणि प्रोफेसर ही सख्खी भावंडं सुट्टीत आत्याकडे आली होती. आत्याचं सायकलचं दुकान होतं. भोंगा समोरच राहायचा, आणि मुंगी शेजारच्या शिंपीणबाईंची मुलगी. तिची शाळा टेकडीपलीकडे होती. रोज इतकं चालायची म्हणून ती मुंगी.

"अगं, झालं काय?" टिकलीनं विचारलं.

"काय झालं म्हणून मलाच विचारतेस? मी नाव दिलं, वर्गातल्या सगळ्यांनाही गोळा करून आणलं! 'फॉलो करा, शेअर करा, सायकल जिंका!' तूच म्हणालीस ना, एकदम खरी स्पर्धा आहे म्हणून? आणि आता सगळे मला हसतायत. विजेता आधीच ठरलेला होता म्हणे! तुम्हाला माहीत होतं!"

"आईशप्पथ नव्हतं!"

"आता माझ्याशी बोलू नकोस," मुंगी म्हणाली आणि निघून गेली.

टिकलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती सायकल आत्यानं स्वतःच्या हातांनी जोडली होती. निळीशार! पोरांनी तिच्या चाकांच्या तारा पुसून पुसून चकचकीत केल्या होत्या. गिव्हअवेची, म्हणजे सोडत काढून ती फुकट द्यायची कल्पना होती फॉलोअरभाऊंची. दुकानांची जाहिरात करणं हा त्यांचा धंदा. "आत्याबाई, एक सायकल द्या, बघा गिऱ्हाइकांची कशी झुंबड उडते!" असं म्हणून त्यांनी आत्याला पटवलं होतं. आत्यानंही, "मला त्या फोनमधलं काही कळत नाही, विजेता तुम्हीच काढा," म्हणून हात झटकले होते.

भोंग्यानं फोन उघडला. काल संध्याकाळी भाऊंनी निकाल लावला होता, पण सोडत काढताना कुणी पाहिलंच नव्हतं. आज सकाळी दुकानाच्या पानावर फोटो आला होता: सायकलवर बसलेला एक गुबगुबीत मुलगा, आणि खाली लिहिलेलं, 'काल सोडतीनंतर आमचे विजेते!' त्याखाली लोकांनी आत्याला नको नको ते म्हटलं होतं. कुणी तर सरळ 'चोर' लिहिलं होतं!

"मी दोन घोट पाणी पितो आणि सगळ्यांना उत्तर देतो!" भोंगा गरजला.

"थांब!" प्रोफेसर फोनवर वाकला. "हा फोटो मोठा कर. सीट बघ. सीट!"

तिघंही बघत राहिले. फोटोतली सीट काळी होती. जुनी, आणि तिच्या फाटलेल्या कोपऱ्यावर लाल चिकटपट्टी!

"ही पट्टी मी लावली होती," भोंगा कुजबुजला. तो कुजबुजतो हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

आत्याच्या दुकानाची एक रीत होती. सायकल जोडताना ती तिच्यावर जुनी सीट लावायची. तेलकट हातांनी, तेलकट कपड्यांनी चालवून बघायची, ब्रेक घट्ट करायची. नवी सीट सगळ्यात शेवटी. काल सकाळी, सोडतीच्या आधी, या तिघांनीच ती काळी सीट काढून नवी तपकिरी लावली होती. आणि काळी सीट...

प्रोफेसरनं भंगाराच्या डब्यातून ती बाहेर ओढली. लाल पट्टीसकट!

"म्हणजे फोटो सोडतीच्या आधीचा आहे!" टिकली ओरडली. "गेल्या आठवड्यात भाऊ 'जाहिरातीचा फोटो काढतो' म्हणून सायकल घेऊन गेले होते, तेव्हाचा! विजेता तेव्हाच ठरला होता!"

तिघंही धावत आत्याकडे गेले. आत्या पंक्चर काढत होती. तिनं वर बघितलंसुद्धा नाही. "भाऊंनी फोनवर सांगितलंय मला. हरलेली माणसं बोलतातच म्हणे. आणि तुम्ही मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका."

"पण आत्या, एकदा बघ तरी!"

"टिकले, पुरे!"

टिकलीनं दातओठ खाल्ले. ऐकून तर घ्यायचं ना! तिनं दोघांना मागच्या खोलीत ओढलं. "भाऊ दुपारी दुकानातून फोनवर लाइव्ह करायला येणार आहेत. लोकांसमोरच विचारू."

दुपारी फॉलोअरभाऊ आले. केस चापूनचोपून, शर्ट चकचकीत. "आत्याबाई, हसा! लोक बघतायत! कुठल्याही शंका असतील तर खुशाल विचारा!"

टिकली पुढे झाली. आवाजात साखर घोळून म्हणाली, "भाऊ, विजेत्याचा फोटो फार छान आलाय. कधी काढलात हो?"

"काल! सोडत झाल्यावर सायकल घरी नेऊन दिली, तेव्हाच!"

"नक्की कालच?"

"शंभर टक्के!"

टिकलीनं पाठीमागचा हात पुढे केला आणि काळी सीट फोनसमोर धरली. "मग फोटोतली ही सीट काल सकाळपासून आमच्या भंगाराच्या डब्यात कशी?"

भाऊंचं त-त-प-प झालं. "अशा सीटा... बाजारात ढीगभर मिळतात!"

"लाल पट्टीच्या?" भोंगा असा ओरडला की रस्त्यावरचे लोक थांबले. "माझ्या हातानं लावलेल्या?"

भाऊंनी घाईनं फोनकडे हात नेला. पण आत्यानं तो आधीच उचलला होता. तिनं भोंग्याच्या फोनवरचा फोटो पाहिला, सीट पाहिली. तिचा चेहरा लालबुंद झाला.

"कोण हा मुलगा?"

"भाचा आहे माझा," भाऊ पुटपुटले. "सगळेच असं करतात हो, आत्याबाई. फॉलोअर तर वाढले ना?"

"फॉलोअर घालायचेत का चुलीत? माझ्या नावावर पोरांना फसवलंत तुम्ही! तासाभरात सायकल इथं हवी. आणि पुन्हा या दुकानाची पायरी चढू नका!" मग तिनं भाऊंचा फोन स्वतःसमोर धरला. "ऐका सगळ्यांनी. चूक माझीही आहे. मी डोळे मिटून बसले. उद्या सकाळी सोडत पुन्हा होईल. इथं, दारात, सगळ्यांसमोर."

सायकल परत आली. तिघांनी फोनवरून बघून सगळी नावं चिठ्ठ्यांवर लिहिली. बोटं दुखली, पण एकही नाव सुटलं नाही. सकाळी आत्यानं चिठ्ठ्या हेल्मेटमध्ये ढवळल्या आणि शिंपीणबाईंनी डोळे मिटून एक काढली. सायकल लागली दवाखान्यातल्या एका नर्सताईंना. त्या इतक्या गोंधळल्या की सायकलीऐवजी आत्यालाच मिठी मारून बसल्या!

"शाबास पोरांनो! तुमच्यामुळे दुकानाची अब्रू वाचली," आत्या म्हणाली. शिंपीणबाईंनीही तिघांची पाठ थोपटली.

टिकलीचा राग मात्र अजून धुमसत होता. "तू आमचं आधीच ऐकायला हवं होतंस!"

"हवं होतं गं," आत्या म्हणाली. "आणि असली खैरात पुन्हा नको. दोन दिवसांत एक गिऱ्हाईक वाढलं नाही, शिव्या तेवढ्या वाढल्या. त्यापेक्षा पंक्चर नीट काढीन."

मुंगी गर्दीच्या कडेला उभी होती. टिकली तिच्याजवळ गेली.

"हरले मी," मुंगी म्हणाली. तिनं डोळे पुसले आणि टिकलीचा हात धरला. "पण या वेळी खरंखुरं हरले."