पुस्तक घेऊन प्रत्यक्ष यावे

नोंद. परभणी–जिंतूर एसटी, खिडकीकडची जागा.

अर्पिताच्या मांडीवर खोकं होतं, खोक्यात लेबलांची रिळं होती, आणि शेजारच्या तरुणाची नजर खोक्यावर होती.

खिडकीची काच अर्ध्यातच अडकलेली. पावसाची भुरभुर आत यायला लागली, तशी त्यानं छत्री उघडली आणि चालत्या बसमध्ये धरली... खोक्यावर. तिच्यावर नाही.

"भिजली तर चिकटायची न्हाईत," तो म्हणाला. "लेबलं हायत नं?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"डिंकाचा वास येतो."

डिंक वासावरून ओळखणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता. ती बोलायला लागली, आणि बोलायला लागली की अर्पिता थांबत नसे. परभणीच्या एका छोट्या संस्थेत ती कामाला होती, जिंतूरच्या एका कॉलेजचं ग्रंथालय संगणकावर आणण्याचं काम तिला एकटीला दिलेलं होतं, पहिल्यांदाच. "एकेका पुस्तकाला बारकोड. नाव टाकलं की कपाटासकट सापडतं. पुस्तकं हुडकत फिरणारा माणूस मग लागतच नाही."

"म्हणजे त्यो माणूस घरी."

"तसं नाही... प्राचार्य म्हणत होते खरं, एक जागा कमी करता येईल म्हणून."

"हं," तो म्हणाला. पण छत्री हलवली नाही. जिंतूर येईस्तोवर त्याची एक बाही पार भिजून गेली.

अर्ध्या तासानं ती ग्रंथालयात शिरली. ग्रंथपाल दिनकरराव सर निवृत्तीला टेकलेले. त्यांनी चष्म्यावरून तिला पाहिलं, खोक्याला पाहिलं, आणि आत हाक मारली. "अमृत. हा आमचा परिचर, मॅडम. कुठलंबी पुस्तक मागा, डोळे झाकून आणून देतो."

कपाटांमागून एक भिजलेली बाही बाहेर आली.

"त्योच मी," अमृत म्हणाला. "घरी जाणारा माणूस."

कामाची रीत.

या ग्रंथालयात पुस्तकं दाखल क्रमांकानंच उभी असत; जे आधी आलं ते आधी. अमृतनं पुस्तक काढायचं, आतल्या पानावरचा शाईचा क्रमांक वाचायचा. अर्पितानं पडद्यावर ताडून बघायचा, मग लेबल सोलून चिकटवायचं. पुस्तकं नऊ हजार. महिनाअखेरीला मूल्यांकन समिती यायची होती. तोवर यंत्र नीट चाललं नाही तर कॉलेज पुन्हा रजिस्टरावर जाणार होतं. नीट चाललं तर... अमृतची जागा जाणार होती. दोघांनाही हे ठाऊक होतं, आणि दोघं समोरासमोर बसून पुस्तकामागून पुस्तक पुढं सरकवत होते.

"तुम्ही लय हळू वाचता," ती म्हणायची.

"लवकर संपलं तर तुमी लवकर जाल."

"आणि तुम्ही?"

"मी बी जाईन की. तुमच्या मागच्याच गाडीनं."

एकदा भर दुपारी लाईट गेली. आतली कपाटं काळीमिट्ट. कुणा विद्यार्थिनीनं कापसावरचं पुस्तक मागितलं, आणि अमृत त्या अंधारात गेला नि तेच पुस्तक घेऊन आला. ठेच नाही, चाचपणं नाही. अर्पिता बघतच राहिली. हे तिच्या कुठल्याच यंत्रात बसणारं नव्हतं.

आणि एकदा असं झालं, की एका पोरानं फोनवर 'सोयाबीन' टाकलं. सात पुस्तकं आली. अमृत वाकून बघत राहिला.

"मला सहाच ठाऊक हुती," तो हळूच म्हणाला. सातवं तो खालच्या फळीच्या मागून काढून घेऊन आला. धुळीनं पांढरं, इतक्या वर्षांत कुणी न मागितलेलं. त्यानं ते शर्टाच्या टोकानं पुसलं. "बिचारं. यंत्रानं इचारलं म्हणून सापडलं."

त्या दिवसापासून तो तिला कळफलकाबद्दल विचारू लागला. हे दाबलं तर काय हुतं. ते चुकलं तर मागं कसं जायाचं. ती सांगायची. बोट दाखवताना बोटाला बोट लागायचं... दोघंही न लागल्यासारखं करायचे.

सातवं कपाट.

सातवं कपाट सगळ्यात शेवटी उरलेलं; तिथं त्यानं आपल्या बापाची गोष्ट काढली. धोंडीबाची मेंढरं. दीडशे डोकी, पण बाप नुसत्या खोकल्यावरून सांगायचा की ही कुठली.

"आणि तुमची आई?"

"बानूबाई? ती बापाच्या खोकल्यावरून सांगती, ह्यो आता काय मागणार हाय."

अर्पिता हसली. ती हसत असताना अमृत पुस्तकं देत गेला, ती लेबलं लावत गेली... आणि क्रमांक वाचायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. पुस्तकं क्रमानंच उभी, लेबलं क्रमानंच छापलेली, चुकायला आहेच काय?

कपाट संपलं. तिच्या बोटाला एक लेबल चिकटून उरलं होतं.

पडद्यावर.

*सोयाबीनवरील किडी* या पुस्तकावर तिनं यंत्राचा लाल उजेड धरला.
पडदा म्हणाला : *घरचे कुक्कुटपालन.*
कुक्कुटपालनावर धरला.
पडदा म्हणाला : *विहीर आणि पाझर.*

दोनशे बारा पुस्तकं. प्रत्येकाला शेजारच्याचं नाव. लेबल सोलायला गेलं तर मुखपृष्ठ निघून यायचं. समिती परवा.

दिनकरराव सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते ओरडणारे नव्हते, म्हणून जास्त लागलं. "चाळीस वर्षं रजिस्टर ठेवलं मी, मॅडम. एका पुस्तकाला दुसऱ्याचं नाव लागलं नाही कधी. प्राचार्यांना कळवतो, की यंत्र नको."

बोलायला लागली की न थांबणारी अर्पिता फक्त बोटावरचं ते उरलेलं लेबल बघत होती.

"सर," अमृत म्हणाला. "त्यांची चूक न्हाई. कपाटात एक पुस्तक कमी हुतं. तिथून म्होरं समदं एकेकानं सरकलं."

"कुठलं कमी होतं?"

"एक्केचाळीसशे सोळा. मेंढ्यांचे रोग. माज्या घरी हाय."

"मेंढरं खुरांच्या रोगानं बसली हुती. बापाला वाचून दाखवायचं हुतं. परिचराला पुस्तक नेता येत न्हाई, म्हणून नोंद केली न्हाई. आज ठिवू, उद्या ठिवू... राहिलं."

अर्पितानं त्याच्याकडं पाहिलं. उद्या सकाळी ते पुस्तक तो गुपचूप फळीवर ठेवू शकला असता. कुणाला कळलंही नसतं. जागा आधीच दोरीवर टांगलेली, आणि हा माणूस स्वतःच्या हातानं दोरी कापत होता. तिच्यासाठी.

"विचारलं असतंस तर माझ्या नावावर दिलं असतं की, येड्या," दिनकरराव सर म्हणाले.

मग अमृतनं उरलेलं लेबल तिच्या बोटावरून अलगद सोडवलं. "मॅडम, एक इचारू? मेंढरं जाग्यावरून हलंनात, तर माजा बाप काय करतो ठाऊक हाय? वाघर हलिवतो. दोरीच्या जाळीचं कुंपण असतं नं, ते. मेंढरं हायत तिथंच, वाघर सरकती."

तिची बोटं कळफलकाकडं गेली.

लेबलं सोलायची नव्हतीच. यंत्रातली लेबलांच्या क्रमांकांची रांगच तेवढी एक घर सरकवायची होती, एक्केचाळीसशे सोळापासून पुढं. रांग सरकली. *सोयाबीनवरील किडी* पुन्हा सोयाबीनवरील किडी झालं. दोनशे बाराच्या दोनशे बारा आपापल्या नावाला आली. आणि उरलेलं लेबल, दुसऱ्या सकाळी धोंडीबाच्या घरून परत आलेल्या पुस्तकाला बरोब्बर बसलं.

"हे मला सुचायला पाहिजे होतं," अर्पिता म्हणाली.

"तुमच्याकडं मेंढरं कुठं हायत," अमृत म्हणाला.

समिती.

समितीनं फोनवर पुस्तकं शोधली, सापडली. यंत्रावर नमुन्यादाखल दिली-घेतली, झाली. जाताना एका बाईंनी विचारलं, "या मॅडम गेल्यावर हे सगळं चालवणार कोण?"

प्राचार्यांनी दिनकरराव सरांकडं पाहिलं. सरांनी कपाटांकडं.

"हा," ते म्हणाले. "याच्या डोक्यात नऊ हजार आहेत, यंत्रातही नऊ हजार आहेत. दोन्हीचा मेळ हाच घालू जाणे. याला घरी पाठवायचं असेल, तर यंत्रही सोबत पाठवा."

त्या दिवशी अर्पितानं नव्या प्रणालीत पहिलं कार्ड काढलं. सदस्य क्रमांक एक : अमृत धोंडीबा. प्रकार : कर्मचारी. आता त्याला चारचौघांदेखत पुस्तक नेता येणार होतं. त्यानं कार्ड दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं.

"आता तुमचं," तो म्हणाला, आणि दोन बोटांनी टकटक करत त्यानं तिचं कार्ड काढलं. गाव : पोखर्णी. ती जाताना एकच पुस्तक घेऊन गेली. एक्केचाळीसशे सोळा.

"मेंढ्यांचे रोग? तुमी?"

"तुमच्या वडलांनी ऐकलं. आता मी वाचते."

तिचं पुढचं काम गंगाखेडला होतं. दोघांनी एकमेकांना 'येते' आणि 'या' एवढंच म्हटलं. मधलं सगळं... राहून गेलं.

फोनवर आलेला संदेश, पंधराव्या दिवशी.

*आपल्या पुस्तकाची मुदत आज संपत आहे.*

तिनं नूतनीकरणाचं बटण दाबलं.

*या सदस्यास फोनवरून नूतनीकरणाची सोय नाही. पुस्तक घेऊन प्रत्यक्ष यावे.*

असं होणं शक्य नव्हतं. फोनवरून दोनदा मुदत वाढवायची सोय तिनं स्वतः सगळ्यांना दिलेली होती. काहीतरी बिघडलं होतं. फोन करून विचारता आलं असतं. पुस्तक कुणाच्या हाती पाठवताही आलं असतं. अर्पितानं रजा टाकली आणि जिंतूरची एसटी धरली. बिघाड म्हणजे बिघाड, तो बघायलाच हवा.

अमृत टेबलामागं बसलेला. बाही कोरडी. तिला बघून उठला, बसला, परत उठला.

"बिघाड आहे," ती म्हणाली.

"हाय," तो म्हणाला. "लय दिवसांपासून."

तिनं खुर्ची ओढली, नियमांचं पान उघडलं. सदस्य प्रकार. विद्यार्थी : बाराशे चाळीस. प्राध्यापक : अठ्ठावीस. कर्मचारी : अकरा. आणि खाली, तिनं कधीच न बनवलेला एक चौथा प्रकार.

*पोखर्णी. सदस्यसंख्या : एक. नूतनीकरण : प्रत्यक्ष आल्यासच.*

ती पडद्याकडं बघत राहिली. मानेवर ऊन पडल्यासारखं झालं.

"हे कुणी शिकवलं तुम्हाला?"

"तुमीच की."

"नियम असे एका माणसासाठी करत नसतात, अमृत."

त्यानं पहिल्यांदाच तिच्या तोंडून आपलं नाव ऐकलं. मान खाली घालून तो म्हणाला, "मला बोलून दाखवता येत न्हाई. म्हणून मग... यंत्राला सांगितलं. पुसायचं असंल तर पुसा. मागं कसं जायाचं, ते बी तुमीच शिकिवलंय."

अर्पितानं पुसलं नाही. तिनं सदस्य क्रमांक एक उघडला. 'कर्मचारी' खोडलं, तिथं 'पोखर्णी' निवडलं, आणि जतन केलं.

*पोखर्णी. सदस्यसंख्या : दोन.*

अमृतनं ते वाचलं. पुन्हा वाचलं, ओठ हलवत.

"म्हंजे आता मला बी..."

"हो. तुमालाबी फोनवरून काही मिळायचं न्हाई," ती म्हणाली, आणि बोलता बोलता आपण गावाकडचं बोलायलो, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. "प्रत्यक्ष यावं लागंल. पोखर्णीला."

"तिथल्या नरसिंहाच्या दर्शनाला?"

"ते झाल्यावर घरी. बाबा असतात. व्यंकटराव म्हणून विचारा, कुणीही वाट दाखवंल. घाबरू नका. तेही खोकल्यावरूनच ओळखता येतात."

टेबलाच्या खणात तारखेचा जुना रबरी शिक्का पडून होता. यंत्र आल्यापासून त्याला काम उरलं नव्हतं. अमृतनं तो काढला. एक्केचाळीसशे सोळाचं शेवटचं पान उघडलं आणि शिक्क्याची चाकं अंगठ्यानं फिरवायला लागला.

"कधीची टाकू?"

"रविवारची," अर्पिता म्हणाली.

त्यानं शिक्का शाईत दाबला, आणि लय हळू, लय नीट, कागदावर टेकवला.