म्हातारी उघडायची घाई कुणाला?

पहिल्याच भेटीत त्याने अख्ख्या तेलक्षेत्राला पळायला लावलं.

चिमणी ही तिथली तरुण इंजिनिअर. घरचं लाडाचं नाव कामावरही चिकटलेलं. आपल्या टीचभर केबिनमध्ये ती कच्च्या तेलाची बाटली उजेडात धरून बघत होती. गॅस भरणाऱ्या तुकडीबरोबर आलेला एक ताडमाड तरुण दारातून वाकून आत आला, आणि तसाच वाकलेला तिच्या खांद्यावरून डोकावला.

"बापरे, इतकं घट्ट?"

तिच्या खिशाला अडकवलेलं गॅसमापक किंचाळू लागलं. नियम म्हणजे नियम! सगळे हातातलं काम टाकून धावत सुटले. गळती मात्र कुठेच सापडेना.

"कार्बन डायऑक्साइड माणसाच्या श्वासातही असतो, महाराज!" सुरक्षा अधिकारी वैतागले. "मापकावर काय फुंकर घालता?"

त्याचे कान लालबुंद झाले. चिमणीने ओठ चावून हसू दाबलं. उंचीमुळे सगळे त्याला लांबूच म्हणत. तेव्हापासून लांबू तिच्यापासून हातभर दूर उभा राहायचा, आणि ते हातभर अंतर तिला फार खुपायचं.

म्हातारी म्हणजे तिथली सगळ्यात जुनी तेलविहीर. पोटात तेल होतं, पण जागचं हलेना. लांबूच्या तुकडीने तिच्यात कार्बन डायऑक्साइड दाबून भरला आणि विहिरीचं तोंड बंद केलं. गॅस तेलात मुरणार, तेल फुगून पातळ होणार, मग विहीर उघडायची. दाब स्थिरावला की तसं सांगायचं चिमणीने. तेल आलं तर तुकडी बाकीच्या विहिरींसाठी राहणार होती. नाही आलं तर बिऱ्हाड पाठीवर!

"अजून मुरू दे, साहेब," चिमणी म्हणायची. परवाही तेच, कालही तेच.

"हल्ली कामावर जाताना दोनदा केस विंचरतेस," वहिनी म्हणाली. "विहीर बघते वाटतं?"

"काहीतरीच काय, वहिनी!" चिमणी म्हणाली खरी, पण गालांनी चुगली केली.

त्या दुपारी लांबू चहाचे दोन पेले घेऊन आला. "मॅडम, रागावणार नसाल तर... दाबाची सुई कधीची थांबलीय."

चिमणी चपापली. "तुम्ही... बघत होतात?"

"रोज."

"मग साहेबांना का नाही बोललात?"

"मला कुठे जायची घाई होती?" तो पेल्यात बघत म्हणाला.

तिला इतका आनंद झाला की चहाने जीभ पोळली तरी कळलं नाही. मग मात्र मन खायला लागलं. साहेब तिच्या शब्दावर थांबले होते, सगळं काम खोळंबलं होतं.

"उद्या उघडू या," ती म्हणाली. "काय व्हायचं ते होऊ दे."

सकाळी लांबूने व्हॉल्व्ह फिरवला. पाइपातून नुसता गॅस फूत्कारत सुटला. भर उन्हात लोखंडावर पांढरा बर्फ चढला. तेलाचा पत्ता नाही. वेळ गेला तशी साहेबांची मान खाली गेली, आणि तुकडीतले लोक अवजारं आवरायला लागले.

लांबू काहीतरी बोलला.

"काय? ऐकू येत नाही!"

"म्हटलं, तेल आलं तर कंपनी थांबवेल!" तो ओरडला. "नाही आलं तर... कुणीतरी थांब म्हणायला हवं!"

हा माणूस गेला तर आपल्याला करमणार नाही, हे तिला लख्ख कळलं. तिने सगळा जीव गोळा केला आणि त्या आवाजावर आवाज चढवला —

"मग थांब ना! तेल येवो न येवो, मला तू हवा आहेस!"

नेमका तेव्हाच फूत्कार बसला. पाइपात जडसं काही गडगडलं आणि तेल वाहायला लागलं. तिचं वाक्य मात्र सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

"आलं, बाई, आलं!" साहेब म्हणाले. "आता तेलाचा नमुना घेताय, की तो या लांबूलाच घ्यायला सांगू?"

चिमणीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "सगळ्यांनी ऐकलं..."

"मग माझंही ऐकू दे की!" लांबूने हेल्मेट काढलं, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडला, "थांबतो!"