ग्रंथावरचा कप

दाराची कडी वाजली. अगदी हलकी, पण घर इतकं गप्प होतं की वहिनीच्या खांद्यावरचं बाळ दचकलं. मोठ्या मिनतवारीनं झोपलेलं. कपाळाला आठ्या घालूनच वहिनीनं दार उघडलं आणि समोरच्या बाईचा चेहरा बघून त्या आठ्या मागे घेतल्या.

बाई आजारी माणसं सांभाळायची. सगळे तिला मावशी म्हणत.

"म्हातारीला झोपेच्या औषधाचे थेंब मीच दिले," ती वहिनीच्या नणंदेला, वन्संना, म्हणाली. "जेवणानंतर, मोजून. मग घरी गेले. रात्रीतून कुणीतरी पुन्हा दिले, सकाळी बाटली अर्धी रिकामी होती. सकाळी म्हातारी उठलीच नाही. घरात दोघंच, मुलगा आणि लेक. तिची पोर तर चिमुरडी. मुलगा म्हणाला, दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांनी ग्रंथावर हात ठेवून शपथ घ्यायची. त्या दोघांनी घेतली. मी नाही."

"का?"

"ग्रंथ वाचायला असतो, चोर पकडायला नाही. माझे वडील म्हणायचे. आता ती दोघं म्हणतात, हिच्याच पोटात पाप. उद्या पोलिसांत जाणारेत. मग मला कोण दारात उभं करणार?"

"घरात ग्रंथाची चाड कुणाला?"

"ताईंना, म्हणजे लेकीला. रोज आईला वाचून दाखवायच्या. एकदा मी चुकून त्यावर चष्मा ठेवला, तर आठवडाभर अबोला."

वन्सं खासगी तपासाची कामं घेत. त्यांचं डोकं सुरीसारखं चालायचं. वहिनीचं, तिच्याच शब्दांत, विळीसारखं: कापायचं, पण बसून.

वन्सं आणि बाळाला घेतलेली वहिनी म्हातारीच्या खोलीत शिरल्या, तेव्हा तिथं औषधाचा वास अजून होता. पलंगावर नुसती गादी. उशाच्या मेजावर निळ्या फडक्यात बांधलेला ग्रंथ. मावशी उंबऱ्याबाहेरच थांबली. लेक खिडकीशी बसून पोरीची वेणी घालत होती. तिच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. ती वर्तुळं वहिनीच्या ओळखीची होती.

मुलगा चहाचा कप घेऊनच आला.

"रात्री आईंकडे कोण बघायचं?" वन्संनी विचारलं.

"ताई. मी वरच्या मजल्यावर झोपतो. आई रात्रभर हाका मारायची म्हणे. वर काही ऐकू येत नाही."

"शपथेची कल्पना तुमची. तुमचा विश्वास आहे?"

"माझा? छे! मावशींचा असेल, घाबरून कबूल होतील, म्हटलं. ग्रंथ शपथेच्या आदल्या रात्री इथंच होता, खोली उघडीच. शपथेनंतर कुणी हात लावलेला नाही." बोलता बोलता त्यानं कप त्या निळ्या फडक्यावर टेकवला.

वहिनीचा हात कप उचलायला पुढे गेला. तिनं लेकीकडे पाहिलं. लेकीनं कप बघितला आणि रिबिनीची गाठ मारली.

"तुमची झोप होत नसेल," वन्सं तिला म्हणाल्या.

"होईल आता."

वन्संनी कप उचलून खिडकीत ठेवला आणि फडक्याची गाठ सोडली. आत जाडजूड शब्दकोश निघाला.

"हा तर माझा, शाळेतला!" मुलगा उडालाच.

"बघा," वहिनी वन्संच्या कानाशी लागली. "यानंच बदलला. ज्याला ग्रंथाची किंमत नाही, तोच असली थट्टा करणार."

"उलट, वहिनी." वन्संनी मात्र आवाज खाली आणला नाही. "ज्याला ग्रंथाचं भय नाही, तो खऱ्यावरच हात ठेवून खुशाल खोटं बोलेल. बदलायचे कष्ट कशाला घेईल? मावशींनी बदलला असता, तर शपथ घेऊन मोकळ्या झाल्या असत्या. खोटं तर बोलायचंय, पण ग्रंथ बाटवायचा नाही, अशी ओढाताण कुणाची व्हावी?"

वन्सं लेकीकडे वळल्या.

"चष्म्यासाठी आठवडाभर अबोला धरणारं माणूस आज कपाकडे बघून गप्प बसलं. खाली काय आहे ते ठाऊक होतं, म्हणून."

लेकीनं फणी खाली ठेवली. स्टूल ओढून ती कपाटाच्या माथ्यावरून एक गाठोडं काढू लागली. पोरीचं तान्हेपणीचं दुपटं, धुऊन इस्त्री केलेलं. त्यात ग्रंथ. तो छातीशी धरूनच ती खाली उतरली.

"दुपारपर्यंत झोपेल, एवढंच वाटलं होतं," ती म्हणाली. "सारखं ताई, ताई, ताई... मला एक रात्र हवी होती. एकच."

मुलानं तोंड फिरवलं. वन्सं त्याला म्हणाल्या, "पोलिसांत जायचं होतं ना? जा. पण आधी मावशींची माफी मागा."

मावशीनं माफीची वाट पाहिली नाही. ती आत येऊन लेकीजवळ बसली. "रात्रीचं मला थांबवून घ्यायचं होतंत, ताई."

वन्संनी डोळ्यांनी खूण केली, तशी वहिनी पोरीचा हात धरून तिला बाहेर पायरीवर घेऊन आली. पोर बराच वेळ बाळाच्या पायाचा अंगठा चाळवत राहिली. आतलं रडणं पायरीपर्यंत ऐकू येत होतं.

"काकू," पोरीनं विचारलं, "मला रात्री भीती वाटली, तर मी कुणाला हाक मारू?"