डावीकडचा झटका

“एक, दोन... पोचलासुद्धा,” घारीचा मित्र गप्पू म्हणाला. “यंत्राचा हात डावीकडे वळायला दोनच आकडे. उजवीकडे पाच.”

घारीने ते वहीत टिपलं. सुट्टी लागून आठवडा उलटला होता, पण खेळण्यात कुणाचंच मन नव्हतं. जाळीच्या कुंपणापलीकडे ट्रॅक्टरच्या मागे जोडलेलं खोदकामाचं यंत्र चर खणत होतं. आठ दिवसांपूर्वीपर्यंत ते घारीची आई चालवायची. त्या दिवशी यंत्राचा लांब हात डावीकडे असा काही झपकन वळला, की गवंडीकाकांचा पाय हाताच्या टोकाची माती उचलणारी बकेट आणि भिंतीच्या मध्ये चिरडला. आईचं लक्ष नव्हतं, असं मुकादमाने साहेबांना सांगितलं आणि आईला घरी बसावं लागलं. तेव्हापासून ती जेवायला बसायची आणि ताट तसंच सारायची. इस्पितळाचं तर नावही काढत नव्हती.

आता यंत्रावर नवा माणूस होता. तरी डावीकडचा झटका कायम होता. मग चूक आईची कशी?

घारीच्या धाकट्या भावाची नजर भलती तीक्ष्ण. हात वळवणाऱ्या तेलाच्या दोन पाइपांपैकी एक मळकट होता आणि दुसरा कोरा करकरीत, हे त्यानेच दाखवलं. म्हणजे पाइप नुकताच बदलला होता आणि झटका त्यामुळेच असेल, तर जुना पाइप बघायला हवा. तो भंगारात असणार, आणि भंगाराची गाडी तर दुपारीच येणार होती!

गप्पूने मुकादमाला गाठलं. मोठेपणी मुकादम व्हायचं तर काय काय शिकावं लागतं, असं त्याने भाबडेपणाने विचारलं. मुकादम फुशारून सांगत बसला. तेवढ्यात घारीने कुंपणालगतच्या ढिगातून जुना पाइप ओढून काढला. त्याच्या तोंडात एक छोटी पितळी चकती अडकली होती. तिला मधोमध बारीकसं भोक होतं.

तिघं थेट यंत्र दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडे गेली. चकती पाहताच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. तेलाचा जोर आवरायला ती लागते, ते म्हणाले. नाहीतर हात सुसाट सुटतो. त्यांनी पाइप बदलताना ती नव्यात बसवायची राहून गेली होती. मुकादमाने घाई केली, चालवून बघूही दिलं नाही.

“तुझ्या आईने झटक्याचं मुकादमाला सांगितलं होतं. मी ऐकलंय.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत?”

मिस्त्रींनी चकती फडक्याने पुसली. “भ्यालो, पोरी. चल, साहेबांकडे जाऊ.”

संध्याकाळपर्यंत चकती जागेवर बसली आणि हात दोन्हीकडे सारखाच, शांतपणे वळू लागला. साहेबांनी मुकादमाला काढून टाकलं, घरी येऊन आईची माफी मागितली आणि मुलांच्या पाठीवर हात ठेवला. आम्ही मोठे नुसती बोटं दाखवत बसलो, ते म्हणाले, शोध घेतला तो या पोरांनी.

आई हसली नाही. तिने पायांत चपला सरकवल्या आणि घारीला घेऊन इस्पितळ गाठलं. गवंडीकाकांचा पाय प्लास्टरमध्ये होता. तो पहिल्यासारखा चालेल की नाही, हे डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. आई दारातच थबकली.

“ये ना, ताई,” काका म्हणाले. “किती दिवस वाट बघतोय. मी कुणापाशी तुझं नाव घेतलेलं नाही गं.”

आई खाटेजवळच्या स्टुलावर बसली आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हमसून रडली. काकांनी घारीला जवळ बोलावलं, शाबासकी दिली आणि हळूच म्हणाले, “तांब्या तिकडे आहे. आईला पाणी दे.”