पाचवी सवाष्ण

आम्ही राहतो त्या डंडॉकहून तासाभरावर ते कॅथेड्रल आहे. आयर्लंडमधली जुनी चर्चेस बहुतेक दगडी, हे मात्र लाल विटांचं. टोकदार कमानी, जाडजूड खांब, आणि छतभर पसरलेल्या फासळ्या. गंमत म्हणजे आतल्या खऱ्या विटांवर चुन्याचा गिलावा देऊन त्यावर पुन्हा विटाच रंगवल्यात. मी सॉफ्टवेअरवाला; असला उपद्व्याप मला मनापासून आवडतो.

आई साताऱ्याहून सुनेच्या डोहाळजेवणासाठी आली होती. याआधी स्वरांगीचे दोन गर्भपात झाले होते. यंदा सातवा महिना लागला, तरी आम्ही बाळाबद्दल जपूनच बोलायचो. मला भीती वाटत होती, रोज. आईची काळजी वेगळी होती. ओटी भरायला पाच सवाष्णी हव्यात; ती स्वतः विधवा, आणि आमच्या ओळखीत चारच.

डोहाळजेवणाआधी आम्ही तिघं ते कॅथेड्रल बघायला गेलो, तिथे उत्तरेच्या भिंतीवर ओळीने बायका रंगवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या कडेवर तान्हं मूल. शेवटची हिरव्या वस्त्रातली. तिचा चेहरा ओलीने पुसला गेला होता आणि पुढे केलेले हात रिकामे होते. त्या कोपऱ्यात ओल्या मातीचा वास येत होता.

आईने पर्समधल्या पुडीतून चिमूटभर अक्षता काढून तिच्या पायाशी ठेवल्या.

"शनिवारी सुनेची ओटी भरायला यायचं हं."

"अगं, ती सवाष्ण कशावरून?" मी हसत विचारलं.

"हिरवं नेसलीये की."

स्वरांगी हसली नाही. "केदार, हिच्याचकडे बाळ का नाही रे?"

शनिवारी दुपारी चौघी आल्या. त्यांच्यातल्या वीणाने शेवटची ओटी भरली आणि सगळ्या जेवायला आत वळल्या. स्वरांगी मात्र पाटावर तशीच बसून राहिली, पदर पसरून, डोळे मिटून.

"चल ना, सगळ्या थांबल्यात," मी म्हटलं.

"थांब, या बाईंचं होऊ दे."

समोर कोणीच नव्हतं. तिचा पदर मात्र हळूहळू जड होऊन खाली झुकत होता. मी तो सोडवून घेतला. तांदळात चुन्याचे पापुद्रे होते, हिरवे.

संध्याकाळपर्यंत बाळ हललं नाही.

आईला घरी ठेवून आम्ही तडक हॉस्पिटल गाठलं. मिडवाइफने पोटावर यंत्र टेकवलं. खरखर. नुसतीच खरखर. मग एकदम भरभर ठोके ऐकू आले.

"देअर नाऊ. बेबी इज ग्रँड."

मी रडलो. लाजबिज काही वाटली नाही.

यंत्र उचलता उचलता ती थांबली. त्या ठोक्यांमागे आणखी एक ठोका होता. फार संथ.

पुढचा बऱ्याच वेळाने आला.

"दॅट'ल बी युअर ओन, लव्ह," म्हणत तिने स्वरांगीचं मनगट धरलं. ऐकत राहिली. नकारार्थी मान हलवली.

खोलीत आम्ही तिघंच होतो.

मग तिने माझंही मनगट धरलं.