आर यू देअर?

यातलं एक अक्षरही मी वाढवलेलं नाही. उलट काही गाळलंय.

मी कॉल सेंटरमध्ये नव्या मुलांना इंग्रजी शिकवते. कोणते शब्द जुने झालेत, कोणते फोनवर वापरायचे नाहीत, हा माझा पहिला तास.

माझे बाबा इंग्रजीचे मास्तर. निवृत्त. आई गेल्यापासून एकटेच राहायचे. रेडिओला 'वायरलेस' म्हणायचे. आणि फोनवर हॅलो कधीच नाही. जुन्या साहेबी थाटात विचारायचे, "आर यू देअर?"

"बाबा, असं आता कुणी बोलत नाही हो!"

"मी बोलतो ना, ठमे. म्हणजे कुणीतरी बोलतं."

गेल्या वर्षी, एका मंगळवारी. दुपारचे पावणेतीन. ट्रेनिंगची खोली, तिसरा मजला. माझा फोन वाजला आणि नेमका स्पीकरवर लागला.

"आर यू देअर?"

वीस मुलं खो खो हसली.

मीही हसले. "हा बघा जिवंत नमुना," म्हणाले... आणि फोन कापला.

संध्याकाळी बाबांच्या शेजारच्या काकूंनी दार तोडायला लावलं. बाबा फोनपाशी पडलेले. रिसीव्हर हातातच.

डॉक्टर म्हणाले, तीनच्या सुमारास.

महिन्याभराने मुलांचे रेकॉर्ड केलेले सरावाचे कॉल तपासत होते. एका कॉलमध्ये मुलगी बोलायची थांबली... मागे खरखर... आणि...

"आर यू देअर?"

मी त्या मुलीला बोलावलं. तिने हेडफोन लावला. "मॅडम, इथे तर काहीच नाही."

पुढचा कॉल लावला. तिथेही तेच. त्याच्या पुढेही. दर वेळी आवाज थोडा अधिक दमलेला.

शेवटी न राहवून म्हणाले, "आहे बाबा. बोला ना."

खरखर थांबली.

पुन्हा कधीच आली नाही.

पुढच्या रविवारी बाबांचं घर आवरायला गेले. तिथली फोनची लाइन मी केव्हाच बंद केली होती. काकू जिन्यातच भेटल्या.

"अगं, घर भाड्याने दिलंस का? रोज दुपारी आत कुणीतरी इंग्रजीत बोलतं. थेट तुझ्या बाबांसारखं. मध्येच थांबतं... ऐकतं... हसतं... मग परत बोलतं."

"कुणाशी?"

काकू माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुझ्याशी ना? सारखं 'ठमे, ठमे' चाललेलं असतं."

रोज दुपारी मी वर्गात असते. मी एकदाही फोन केलेला नाही.

मग माझ्या जागी त्यांच्याशी बोलतंय कोण?

भीती वाटतेच. पण खरं सांगू... ती जी कुणी आहे, ती त्यांचं ऐकून तरी घेते.