सहा पांढरी आणि एक मळकं

"पदू, ओढ! बुडतंय ते!"

"जाकीट कसं बुडेल?" पदू काठावरून ओरडला. "माणूस बुडू नये म्हणून असतं ते!"

जाकिटाला हे माहीत नसावं. मघापासून तलावात होडीसारखं तरंगणारं ते पांढरंशुभ्र जाकीट एका बाजूने कलंडलं आणि शांतपणे खाली गेलं. गोदाने बांबूच्या आकड्याने ते बाहेर खेचलं. दोघा भावंडांना मिळून ते उचलेना!

"पानी प्यालंय," वाडीतली चिमा म्हणाली. तिने जाकिटाला हातही लावला नव्हता.

पदू आणि गोदा सुट्टीसाठी पुण्याहून खालापुराकडे काकांच्या घरी आले होते. काका म्हणजे सोंडेवाडीच्या तरीच्या, म्हणजे होडीच्या, कमिटीचे चिटणीस. कमिटीची एक होडी तलावावरून माणसं ने-आण करी. गेल्या दिवाळीत ती उलटली आणि चिमाचा भाऊ शुक्रा बुडून गेला. कमिटीने दुखवट्याचा ठराव एकमताने मंजूर केला. मुंबईच्या एका शेटांनी सात जाकिटं पाठवली. चिमा तेव्हापासून रडली नव्हती. वाडीतले म्हणत, पोर धीराची. तिला धीर वाटत नव्हता. काहीच वाटत नव्हतं.

"रविवारी शेट येणार," गोदा हळूच म्हणाली. "ही जाकिटं घालून सहा जण पाण्यात उतरायचेत. पोहता न येणारे!"

"पयली आमची सोमी," चिमा म्हणाली.

सोमी तिची धाकटी बहीण, वय वर्षं सहा. लहान मूल तरंगताना पाहुण्यांना बरं दिसतं, असं चिटणीसांचं मत होतं. तिचा बाप लडकू कमिटीचीच होडी वल्हवायचा, तो नाही कसा म्हणणार?

तिघं धावत नागू परटाकडे गेली.

"मी नाय म्हनत व्हतो रं पोरांनो!" नागू कळवळून म्हणाला. "म्हनलं, ओल्या फडक्यानं पुसतो. चिटणीसदादा म्हनले, शेट यायचेत, दुधासारखी पायजेत. मग दिली भट्टी. सोडा घालून दोनदा उकळली!"

"साती?"

"सहा. सातव्यावर त्यांची मांजर व्यालीय."

मांजरीची परवानगी काढायला थोडे ओरखडे पडले. सातवं जाकीट मळकं होतं, पण त्याच्या आत इंग्रजी अक्षरांची चिंधी शिवलेली होती. बाकी सहांवरच्या चिंध्या डाग जाईनात म्हणून चिटणीसांनी कापून टाकल्या होत्या.

गोदा अडखळत वाचू लागली, "साबण लावू नये. सोडा घालू नये. उकळू नये. थंड पाण्याने पुसून सावलीत वाळवावे..."

"काकांनी वाचलंच असेल!" पदू म्हणाला. "करू नये म्हटलेलं सगळं केलंय, आणि त्याच क्रमाने!"

चिमाने उसवलेल्या शिवणीतून दोन बोटांनी कापूस ओढला. "सावरीसारखा हाय. ह्याला तेलकटपणा असतो, म्हून पानी शिरत नाय. उकळला की तेल जातं. मंग ह्यो साधा कापूस."

तिघं काकांकडे गेली. काका स्वागताच्या भाषणात 'कृतकृत्य' कुठे घालावं या विचारात होते.

"बुडतं?" ते हसले. "अरे, माझ्यासमोर नागूने टाकून दाखवलं. छान तरंगलं!"

"किती वेळ, काका?"

"दिसलं तेवढा वेळ! आणि ते गलिच्छ जाकीट शेटांच्या नजरेला पडता कामा नये. पळा!"

रविवारी काठावर पताका लागल्या. शेट खुर्चीत बसले. काकांनी हात वर केला. सोमी जाकीट घालून पुढे आली, तोच पदू किंचाळला, "थांबा! आधी ह्या दोघी!"

गर्दीतून गोदा आणि नागूने हातगाडी ढकलत आणली. गाडीवर परकर नेसवलेली, सोमीच्या वजनाची तांदळाची दोन पोती होती. एकाच्या अंगात पांढरं जाकीट, दुसऱ्याच्या अंगात मळकं.

"हा काय पोरखेळ?" काका लालबुंद झाले.

"खेळ चांगलाय," शेट म्हणाले. "टाका."

धप्! धप्! दोन्ही पोती तरंगली. टाळ्या पडल्या. काकांनी घाम पुसला. "पाहिलंत? पांढरं जरा जास्तच छान तरंगतंय!"

"थांबा," चिमा म्हणाली. "शुक्रापाशी पल्याडची होडी यायला तीनशे साठ लागले व्हते."

"काय तीनशे साठ?" शेटांनी विचारलं.

"आकडे. त्या दिवशी मी काठावर मोजत व्हते."

टाळ्या थांबल्या. चिमा मोजू लागली. तिच्या आवाजात चढउतार नव्हता, शाळेत पाढे म्हणावेत तसा होता. शंभराला पांढरं पोतं कलंडलं. एकशेवीसला परकर भिजून काळा झाला. एकशेचाळीसला नुसतं पाणी उरलं.

चिमा मोजतच राहिली. दोनशे. तीनशे. तीनशे साठ. मळकं जाकीट आपलं पोतं घेऊन निवांत तरंगत होतं.

शेट उठले. "चिटणीस, ह्या सहांच्या जागी नवी मागवा. आणि धुवायची झाली तर ह्या पोरांना विचारून."

"मी तर आधीपासूनच म्हणत होतो," काका म्हणाले, आणि त्यांनी तीन बालवीरांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. नागूने पदूला खांद्यावर घेतलं. लडकू पोरींजवळ आला, सोमीच्या अंगातलं पांढरं जाकीट उतरवू लागला, पण गाठी त्याला सुटेनात.

"बाळ, तुला काय हवं?" शेटांनी चिमाला विचारलं.

"मळकं सोमीला द्या."

"दिलं! शाबास!"

लोक पुढे बरंच काही बोलत होते. चिमाला ते दुरून आल्यासारखं ऐकू येत होतं.

"ताई," सोमी कुरकुरली, "हात सोड ना गं! कवापास्नं दुखतोय!"

चिमाने खाली पाहिलं. सोमीच्या मनगटावर तिचीच पाच बोटं रुतून लाल झाली होती. तिने एक बोट उचललं. मग दुसरं. तिसऱ्याला तिचे डोळे भरून आले, आणि उरलेली दोन काही तिला उचलता येईनात.